वांगं थंडच असतं ते!

प्रश्न :

ताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहतो. आमच्या संकुलाखालच्या दुकानांत तीन महिन्यांपूर्वी एक तुर्की हॉटेल सुरू झालं. चालवणारा मुलगा आमच्याच सी विंगचा, माझ्या मुलाबरोबर शाळेत होता. चांगली नोकरी सोडून त्यानं हे काढलंय. आचारी नेपाळचा, दुबईत सहा वर्षं काम करून आलेला.

या महिन्यात आमच्या बायकांच्या भिशीची चिठ्ठी माझी निघाली. जिची चिठ्ठी तिनं सगळ्यांना खायला घालायचं, ही आमची रीत. दर वेळी इडली-सांबार नाहीतर पावभाजी. म्हटलं, यंदा खालच्या तुर्की हॉटेलात जाऊ. म्हणून चार जणांना विचारलं आणि पस्तावले. ए विंगच्या काकू (वय ७१, भिशीतल्या सगळ्यांत मोठ्या) म्हणाल्या, "वांगं थंडगार, वर तेल तरंगतंय, शिळं दिलं मेल्यांनी." बी विंगचे निवृत्त बँकवाले काका म्हणाले, "स्टेशनवर ऐंशी रुपयांत मिळतो तोच शोरमा इथे तीनशे वीसला." मैत्रिणीचा भाचा जर्मनीहून आलाय. तो म्हणतो, "हे अस्सल नाहीच, बर्लिनला खाऊन बघा." शेजारीण म्हणते कबाब कोरडा आणि बेचव, तिचाच नवरा म्हणतो, असं कोवळं चिकन जन्मात खाल्लं नाही. कुणी ताकाला नावं ठेवली, कुणी विचारलं भातात शेवया कशाला. कॉलेजची मुलं मात्र कुनाफा नावाच्या गोडासाठी ताटकळत उभी असतात. एक गृहस्थ म्हणाले, तुर्कीवर बहिष्कार असताना तिथे पाय ठेवायचाच कशाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांची तक्रार धुराची. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला म्हणून एकांनी काउंटरवर आवाज चढवला.

मी स्वतः एकदाच गेले. डाळीचं सूप फार आवडलं, बाकीचं काही कळलंच नाही. तो मुलगा भेटला की म्हणतो, "काकू, ग्रुपवर दोन चांगले शब्द लिहा ना." बारा जणींत चौघी शाकाहारी, त्यातली एक कांदा-लसूणही खात नाही. फसलं तर वर्षभर ऐकवतील. नेऊ की नको? आणि ग्रुपवर काय लिहू?

– चिठ्ठीवाली, ठाणे (पश्चिम)

उत्तर :

काकूंचं वांगं आधी घेते. तुमच्या सोसायटीतलं निम्मं भांडण त्याच्यातच आहे.

काकूंनी मागवलं असणार ते इमाम बायल्दी. नावाचा अर्थ 'इमाम बेशुद्ध पडला'. का पडला, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे चवीनं. दुसरी म्हणजे बायकोनं या एका पदार्थात किती ऑलिव्ह तेल ओतलं ते ऐकून. काकूंना दुसरी गोष्ट सांगा, लगेच पटेल. वांगं तेलात मऊ करायचं, पोट चिरून त्यात परतलेला कांदा, टोमॅटो, लसूण भरायचा, भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवायचं आणि मग निवू द्यायचं. शिळं नव्हे, निवलेलं. वांगं थंडच असतं ते! तिकडे अशा भाज्यांचं एक वेगळं घराणंच आहे. त्यांना म्हणतातच 'ऑलिव्ह तेलातल्या' भाज्या: वांगं, श्रावणघेवडा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. या सगळ्या गार खातात. तूप किंवा चरबी निवली की थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून मटणाचे पदार्थ वाफाळते आणतात. ऑलिव्ह तेल पानात पातळच राहतं, आणि भाजी मुरल्यावर चव उलट वाढते. उद्या कुणी पाहुणा मालवणी खानावळीत बसून म्हणाला की सोलकढी जरा उकळून आणा, तर आपण काय म्हणू?

पण काकूंना खोट्यातही काढू नका. त्यांचा शब्द 'थंडगार' आहे. वांगं घरातल्या हवेइतकं गार हवं, बर्फासारखं नको. थेट फ्रीजमधून आलं तर ऑलिव्ह तेलही गढूळ होऊन थिजायला लागतं आणि कांद्याची चव मरते. तेव्हा गार असणं हा पदार्थाचा धर्म, थंडगार असणं ही आचाऱ्याची घाई. आणि मागवताना 'हे गार येतं हं' एवढं वेटरनं न सांगणं ही त्या मुलाची चूक. शेंगदाण्याचा कूट आणि गोडा मसाला घातलेल्या भरल्या वांग्यावर सत्तर वर्षं काढलेल्या बाईसमोर न सांगतासवरता असलं वांगं ठेवलं, तर ती दुसरं काय म्हणणार?

तुम्ही गोळा केलेली मतं मी दोनदा वाचली. त्या हॉटेलविषयी बोलणारे थोडे आहेत. प्रत्येकानं एकच पदार्थ खाल्ला, तोही डोक्यात दुसराच पदार्थ ठेवून.

जर्मनीवाला भाचा घ्या. बर्लिनचं खाऊन बघा म्हणतो, तेव्हा त्याला आठवत असतो जाड पावात भरलेला डोनर, म्हणजे उभ्या सळईवर फिरवून भाजलेलं मांस: वर लाल कोबी, कांदा, लसणाचा सॉस. तो उत्तमच असतो, पण तो बर्लिनचा. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यातल्या काहींनी पुढे, सत्तरच्या दशकात, हातात धरून चालता चालता खाता येईल असा तो पावातला डोनर बर्लिनमध्ये लोकप्रिय केला. त्यांच्या मायदेशी बुर्सा शहरात हेच मांस ताटात येतं: खाली पावाचे तुकडे, वर मांसाचे पातळ काप, टोमॅटोचा रस्सा, कडकडीत लोणी आणि बाजूला दही. त्याला इस्केंदर म्हणतात. भाच्याला ताटातलं मिळालं आणि तो पावातलं शोधत बसला. अस्सल-नक्कलचा निकाल जर्मनीत लागत नाही, एवढं त्याला प्रेमानं सांगा. तसा हा आचारीही दुबईहून आलाय, म्हणजे मेनूवर हमस आणि फलाफल असणारच, आणि ते मूळचे अरबांकडचे. मला त्यात गैर काही वाटत नाही. आपल्याकडची 'चायनीज' भेळ कुठल्या चीनमध्ये मिळते?

बँकवाल्या काकांचं गणित मात्र मी उडवून लावणार नाही. डोनर आणि शोरमा सख्खे भाऊ आहेत. तुर्कीत 'दोनमेक' म्हणजे गोल फिरणं. शोरमा हा अरबी उच्चारसुद्धा 'फिरवणं' याच अर्थाच्या तुर्की शब्दापासून आला. मग पैसे जास्त कशाचे? जाताना काचेतून त्या उभ्या सळईकडे नीट बघा. मांसाचे काप एकावर एक रचलेले, थर दिसतायत, अधूनमधून चरबीची पट्टी, म्हणजे मेहनत आहे आणि दर समजू शकतो. सळईवर नुसताच गुळगुळीत, एकसंध गोळा असेल तर तो बहुधा बाहेरून आणलेला दाबलेला खिमा. तसं असेल तर काका बरोबर, स्टेशनवर खा. आणखी एक. दुपारी चार वाजता डोनर कुठेच मागवू नये. गिऱ्हाईक नसलं की सळई नुसती फिरत राहते आणि कापायचा थर वाळून कातडं होतो.

नवरा-बायकोचं भांडण त्याहून सोपं आहे. तिनं आदाना कबाब खाल्ला असणार, यानं दह्यात मुरवलेलं चिकन. आदाना म्हणजे मेंढीचा खिमा, रुंद पोलादी पात्यानं हातानं चिरलेला, त्यात शेपटीकडची चरबी आणि लाल मिरची, रुंद सळईला दाबून निखाऱ्यावर भाजलेला. सगळी मजा चरबीची. ती निखाऱ्यावर ठिबकते, त्याच धुरात मांस भाजतं आणि ओलं राहतं. आपल्याकडे मेनूवर काही का लिहिलेलं असेना, मटण बहुतेक वेळा बोकडाचं असतं आणि बोकड हडकुळा. त्याचा आदाना कोरडा पडला तर नवल नाही. चिकनला ही अडचण नाही, दही त्याला मऊ ठेवतं.

'बेचव' हा शब्द मात्र जपून वापरायला सांगा. तुर्की कबाबात गरम मसाला नसतो, हिरवं वाटण नसतं. मीठ, मिरची, कांद्याचा रस, आणि तोंडाला यायला हवी ती मांसाची चव. मामलेदार मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या ठाणेकर जिभेला हे फिकं लागणार. टेबलावर दोन वाट्या मागून घ्या. एकीत पुल बिबेर, म्हणजे जाडसर कुटलेली, किंचित तेलकट लाल मिरची. दुसरीत सुमाक, जांभळट लाल रंगाची आंबट पूड, आपल्या आमसुलाच्या जवळ जाणारी. चिरलेल्या कांद्यावर सुमाक टाकून कबाबाबरोबर खाल्लं की तक्रार निम्मी मिटते. त्या वाट्या न मागता टेबलावर यायला हव्यात, हेही त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवंच.

ताक म्हणजे आयरान: दही, पाणी, मीठ. आलं नाही, जिरं नाही, कोथिंबीर नाही, आणि मठ्ठा समजून प्यायलं की फसगत ठरलेली. भातातल्या शेवया लोण्यात लाल परतून मुद्दाम घातलेल्या असतात. तुर्की घरांत रोजचा पुलाव असाच होतो. पुढे चला.

बहिष्काराचं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली, अनेकांनी तिकडच्या सहली रद्द केल्या. ज्यांना त्या नावाच्या हॉटेलात जायचं नाही त्यांनी जाऊ नये. तो त्यांचा प्रश्न, आणि भिशीतल्या कुणाला तसं वाटत असेल तर आग्रह करू नका. मला विचाराल तर सी विंगच्या मुलानं नेपाळी आचारी ठेवून, वाशीच्या बाजारातल्या वांग्या-टोमॅटोवर चालवलेलं हॉटेल बसवून तिकडे राजधानी अंकाऱ्यात कुणाला ठसकाही लागणार नाही. माझी हरकत एवढीच, की राग राजकारणाचा असेल तर तसं म्हणावं, त्याला 'चव नाही' हे नाव देऊ नये. तुम्ही गोळा केलेल्या मतांत निदान एक तरी असं आहे अशी मला शंका आहे.

धुराची तक्रार चवीची नाहीच आणि ती खरी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ग्रुपवर कुरकुरण्याऐवजी कमिटीमार्फत लेखी द्यावं, धुराडं गच्चीच्या वर न्यायला लावावं. सर्व्हिस चार्जचं तर आवाज चढवण्याइतकंही काम नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगून ठेवलंय की हॉटेलनं तो आपणहून बिलात लावायचा नाही. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानंही प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. 'हा काढा' म्हणायचं, काढतात. नाही काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. जीएसटी पाच टक्के, तो द्यायचाच.

आता थोडं माझं. काही वर्षांपूर्वी मी एका यात्रा कंपनीबरोबर तुर्कस्तान पाहून आले. आठ दिवसांत मी तिथे सात वेळा डाळभात खाल्ला. कंपनीनं महाराज बरोबर नेला होता आणि सगळे त्याच्यावर खूश होते. एका दुपारी इस्तंबूलला सुलेमानिये मशिदीसमोर गटातून सटकले. तिथे एका ओळीत साध्या खाणावळी आहेत. तिकडे खाणावळीला 'लोकांता' म्हणतात. शब्द मूळ इटालियन, पण मला तो आपल्यातलाच वाटला. काचेमागे परातींत भाज्या, बोट दाखवायचं, ताटात पडतं. मी बोट दाखवलं ते पांढऱ्या राजम्यावर. लाल रश्शातला राजमा, बाजूला लोणकट भात आणि आंबवलेली मिरची. शेजारी बसलेला कामगार तेच खात होता, सगळी खाणावळच तेच खात होती. कबाब कुणाच्याही ताटात नव्हता! रोजचं जेवण हे, आणि परदेशात हॉटेल काढायचं झालं की पुढे करायचा तो कबाब. आपण तरी काय करतो? बाहेरगावच्या माणसाला मराठी जेवण म्हणून वडापाव दाखवतो आणि वरणभात घरात ठेवतो.

हे सांगायचं कारण तुमची भिशी. तिकडच्या बायका भिशी लावतात, हे तुम्हाला माहीत आहे का? नाव आहे 'आल्तन ग्युनु', म्हणजे सोन्याचा दिवस. मैत्रिणी, शेजारणी, नात्यातल्या बायका ठरलेल्या दिवशी पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी जमतात. येताना प्रत्येक जण सोन्याचं छोटं नाणं आणते, बहुतेक पाव मापाचं, आणि सगळी नाणी त्या दिवशीच्या यजमानणीला जातात. पुढच्या वेळी दुसरीची पाळी. आणि यजमानीण खायला घालते! जिची चिठ्ठी तिचं खाणं, हुबेहूब तुमची रीत.

त्या दिवशीचं खाणंही ठरल्यासारखं असतं, आणि त्यात कबाब नसतो. किसिर असतो. बारीक बुल्गुर, म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू, गरम पाण्यात नुसता फुलवतात. त्यात टोमॅटो-मिरचीची घट्ट पेस्ट, पातीचा कांदा, पार्सली, पुदिना, लिंबू आणि डाळिंबाचा आटवलेला आंबट रस. वेगळं शिजवणं नाही, मुरू द्यायचं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मनात आले ते दडपे पोहे. दुसरे असतात मसुरीच्या डाळीचे मुटके: शिजलेली डाळ आणि बुल्गुर एकत्र मळून मुठीत दाबायचे, वर बोटांचे ठसे तसेच दिसतात, आणि न तळता सॅलडच्या पानात धरून लिंबू पिळून खायचे. शिवाय ब्योरेक, म्हणजे पातळ पिठाच्या पदरांत चीज नाहीतर पालक भरून भाजलेला खारा पदार्थ, गोड काहीतरी, आणि चहाचे पेल्यावर पेले. तुमच्या शाकाहारी बायकांतल्या तिघी पोटभर खातील (कांदा-लसूण न खाणारीचं पुढे सांगते), आणि काकूंच्या दातांनाही यातलं काही जड नाही.

तेव्हा नेऊ की नको? न्या, पण मेनू हातात घेऊन बारा जणींकडून बारा पदार्थ मागवू नका, तिथेच फसाल. चार दिवस आधी त्या मुलाला गाठा आणि म्हणा, आम्हाला आल्तन ग्युनुचं खाणं करून दे. किसिर आणि मुटके मेनूवर नसतील तर आचाऱ्याला करता येतील का विचारा. दोन्हींत अवघड काही नाही. सुरुवात त्या डाळीच्या सुपानं करा, ते तुम्हालाही आवडलंय. मसूरच ती, वर लोण्यात तापवलेली लाल मिरची ओततात, म्हणजे वरून फोडणी, आणि लिंबू पिळायचं. मांसाहारी आठ जणींसाठी दह्यातलं चिकन आणि लाहमाजून. पापडाइतक्या पातळ पोळीवर खिम्याचा लेप असतो, त्यावर पार्सली टाकून, लिंबू पिळून गुंडाळी करून खातात, आणि एक लाहमाजून दोघींना पुरतं. डोनर नको, तुमची वेळ पाचची असेल तर नकोच. इमाम बायल्दी एकच प्लेट, मधोमध, चव बघण्यापुरती.

शाकाहारींसाठी हिरवा ठिपका बघून थांबू नका, तोंडानं विचारा. सूप आणि पुलाव पुष्कळदा मांसाच्या नाहीतर कोंबडीच्या उकडीवर करतात. भरलेल्या भाज्यांत ढोबळ खूण अशी, की गार येतात त्यांत भात आणि गरम येतात त्यांत खिमा. पण हॉटेलात खुणेवर विसंबू नये. बाकलाव्याच्या पिठात बऱ्याच ठिकाणी अंडं असतं. कुनाफा, म्हणजे तुर्कीतला कुनेफे, शेवयांसारख्या पिठाच्या तारांमध्ये अळणी चीज घालून करतात. त्यात सहसा अंडं नसतं, तरी विचारा, आणि आल्याबरोबर खा. निवला की चीजचं रबर होतं आणि मग चौघी चार नावं ठेवतील.

कांदा-लसूण न खाणारीचं मात्र खरं सांगते, अवघड आहे. सुपात कांदा, किसिरमध्ये कांदा, मुटक्यांत कांदा, दह्याच्या चटण्यांत लसूण, आणि इमाम बायल्दीच्या पोटात तर तेवढंच भरलेलं. तिच्यासाठी चीजचं पिदे सांगून ठेवा. होडीच्या आकाराची भाजलेली पोळी असते, आत नुसतं चीज. आणि तिला आधी फोन करून सांगा की तुझ्यासाठी पिदे आणि कुनाफा एवढंच आहे, चालेल ना. तिथे जाऊन कळलं तर तिला वाईट वाटेल, आधी कळलं तर ती घरून दोन घास खाऊन येईल.

चहा बिनदुधाचा येईल, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात. एकावर एक दोन किटल्या असतात, वरच्या किटलीत कडक अर्क आणि खालच्या किटलीत नुसतं गरम पाणी, ज्याला जसा हवा तसा पातळ करून देतात. बारापैकी निदान सात जणी दूध मागतील. मागू द्या.

आता ग्रुपचं. दोन चांगले शब्द लिहू नका. त्यानं मागितले म्हणून लिहिलेत तर सगळ्यांना कळेल की मागून घेतलेत, आणि तुमच्या शब्दाची किंमत जाईल ती जाईल, त्याचंही भलं होणार नाही. काय खाल्लं आणि कसं लागलं तेवढं लिहा, पदार्थाच्या नावासकट. असं काहीतरी: "मसुरीचं सूप फारच छान, लिंबू जास्त पिळा. इमाम बायल्दी हे वांगं गारच असतं, आधी माहीत असू द्या. भात अळणी लागला. आयरान मठ्ठ्यासारखं नाही. सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला, काढला." शेवटचं वाक्य खरं झालं तरच लिहा.

दोषाचं बोलणं ग्रुपवर नको, त्याच्यासमोर करा. मेनूवर वांग्याखाली एक ओळ: 'हा पदार्थ गार वाढतात'. टेबलावर मिरची आणि सुमाक. बोकडाचा आदाना एकतर बंद, नाहीतर चरबी मिळवून नीट. सर्व्हिस चार्ज आजच्या आज बंद. बसून चहा पिता पिता सांगा. मुलाच्या बरोबरीचा आहे, ऐकेल. आणि रागावला तरी महिनाभरानं वांग्याखाली ती ओळ दिसेल, मला खात्री आहे.

एक काम भिशीच्या आधी करा. एखाद्या मंगळवारी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, आधी रंगीत तालीम करून या, आणि बरोबर काकूंना न्या. सूप मागवा, मुटके झाले असतील तर मुटके, आणि वांगंही मागवा. सकाळीच त्या मुलाला निरोप द्या, की प्लेट तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेव. काकू काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.